आजीपेक्षा डब्याचं खरं? लहान मुलं आणि बोलणारी यंत्रं

केळफूल
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. आधी याच विषयावर कुणी काढला असेल तर लिंक द्या, मला शोधून सापडला नाही.

तर दिवाळीत दिराने घरी बोलणारा स्पीकर आणला, घरात सगळे त्याला डबा म्हणतात. लेक साडेपाच वर्षांची. परवा स्वैपाकघरात भिंतीवर पाल होती, साबा (सासूबाई) म्हणाल्या हात लावू नकोस गं, विषारी असते. लेक तडक डब्यापाशी, हिंदीत विचारलं (मराठीत त्याला धड कळत नाही हे तिने केव्हाच ओळखलंय) आणि डबा म्हणाला घरातली पाल विषारी नसते. झालं! "आजी, तुला नाही माहीत, त्याला माहितीये." साबा दुपारभर घुश्शात.

आता पालीच्या बाबतीत डबाच बरोबर, वाद नाही. पण गंमत म्हणजे संक्रांतीच्या आधी हिनेच त्याला भोगीला काय करतात ते विचारलं होतं, त्याने काय ऐकलं देव जाणे, योगासनं सांगायला लागला, तेव्हा हीच कार्टी म्हणाली होती की ह्याला आपल्याकडचं काही येत नाही. म्हणजे सरसकट भरवसा नाहीये. ती काहीतरी हिशोब ठेवतेय कोणाला काय येतं त्याचा. मला तो हिशोब कसा चालतो ते कळून घ्यायचं होतं म्हणून थोडं वाचलं, ते इथे टाकतेय.

मूळ प्रयोग रोबोटचा नाहीच, माणसांचा आहे. हार्वर्डचे पॉल हॅरिस आणि मेलिसा कोनिग वगैरे मंडळींनी २००४-०५ च्या सुमारास केला. ३-४ वर्षांच्या मुलांपुढे दोन मोठी माणसं, एक ओळखीच्या वस्तूंची नावं नीट सांगणार, दुसरं माणूस भलतीच सांगणार. मग कधी न पाहिलेली एखादी वस्तू काढायची, दोघं तिचं वेगवेगळं नाव सांगणार, आणि मुलाला विचारायचं, तुझ्या मते हे काय? चार वर्षांची मुलं तर बिनदिक्कत आधी बरोबर ठरलेल्याचं नाव घेतात. म्हणजे "लहान मुलं काय, सांगाल ते खरं मानतात" हे आपलं गृहीतकच ढिलं आहे.

हाच खेळ मग रोबोट घेऊन झाला. मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातल्या लोकांनी २०२३ मध्ये छापलेला मला सगळ्यात आवडला. एका बाजूला नाओ नावाचा छोटा माणसासारखा दिसणारा रोबोट, दुसऱ्या बाजूला एक बाई, मुलं झूमवर बघतायत. रोबोट सगळं बरोबर सांगतो आणि बाई गाडीला पुस्तक, बॉलला बूट, कपाला कुत्रा म्हणते. नंतर अनोळखी वस्तू, म्हणजे सुतळीचा गुंडा, सिलिकॉनची मफिनची वाटी असलं काहीतरी, आणि त्यांना खोटी खोटी नावं. पाच वर्षांच्या मुलांनी रोबोटचं ऐकलं, बाईचं नाही. तीन वर्षांच्या मुलांचं मात्र कुणाकडेच झुकतं माप नव्हतं. मग त्यांनी माणसासारखा न दिसणारा, ट्रकसारखा छोटा रोबोट घेऊन परत करून बघितलं, तरी तेच. म्हणजे दिसायला माणसासारखा असला काय नसला काय, पाच वर्षांच्या पोराला फरक पडत नाही, उत्तर बरोबर येतंय ना.

आमच्या घरी पालीवरून जे झालं ते थोडंफार हेच, फक्त त्या बाईंच्या जागी साबा.

तुमच्याकडे काय अनुभव? मुलं कुणाचं ऐकतात, का ऐकतात?

खडूस_काका
बी गिळली तर पोटात झाड उगवतं, जेवला नाहीस तर बागुलबुवा येतो, पोलीसकाका धरून नेतात, जास्त टीव्ही बघितला तर डोळे चौकोनी होतात. इतकं धडधडीत खोटं पिढ्यान्पिढ्या सांगणारे आपण, आणि डब्याने एक खरं सांगितलं तर धागा काढायचा? साबांना माझा नमस्कार सांगा.

यमू
काका 😂 +१
वाचतेय.

बालवाडी_बाई
केळफूल, छान लिहिलंयस. मी मिरजेजवळ बालवाडी घेते, पोरं तीन ते सहाची. तुझा तो हार्वर्डचा प्रयोग आम्ही न शिकता रोजच करतो की. चित्रांचा तक्ता लावायचा आणि मी मुद्दाम कावळ्याला चिमणी म्हणायचं, लगेच गलका, "ओ बाई, कावळाय तो!" काही पोरं तर त्यानंतर मी मोराला मोर म्हणलं तरी एकदा माझ्याकडं, एकदा शेजारच्याकडं बघून घेतात. पण त्याच पोरांना मी सांगितलं की समुद्राच्या पल्याड लोकं उलटी चालतात तर निम्मी तरी मान हलवतील. कावळा त्यांनी बघितलाय, समुद्राच्या पल्याड कोण गेलंय? पारख आहे पण ती ओळखीच्या गोष्टीपुरती, हे माझं मत.

आता रोबोटचं सांगते. गेल्या वर्षी एका कंपनीची माणसं प्रात्यक्षिक दाखवायला रोबोट घेऊन आली, शाळेनं आमच्या पोरांनाही हॉलमध्ये बसवलं. कंबरेएवढा, डोळ्यांत निळे दिवे, मान इकडं तिकडं वळायची. मोठ्या वर्गातली पोरं विचारतायत भारताची राजधानी कुठली, पाढा म्हण. आमच्यातला एक बारका उठला आणि म्हणाला, तुझी आई कुठंय? रोबोट म्हणाला, माफ कीजिए, मैं समझा नहीं. पोरगं मागं वळून मला सांगतंय, "बाई, त्याला आई न्हाई, त्याला डबा कोण देतं?" आणि स्वतःच्या डब्यातला चपातीचा रोल घेऊन पुढं. कंपनीच्या माणसाची नुसती धांदल, कुठं सेन्सरमध्ये तूप जायचं म्हणून.

ते पोरगं साडेतीनचं होतं. त्याच्याच शेजारची पाच वर्षांची पोरगी म्हणाली, अरे येड्या, त्याच्यात वायरी असतात. तेव्हा तीन आणि पाच यात मोठा फरक असतो हे तुझ्या मॉन्ट्रियलवाल्यांचं मला लगेच पटलं.

केळफूल
बाई, चपातीचा रोल!! 😍 आणि वायरीचं तुम्ही बरोब्बर पकडलंत, त्याच अभ्यासात एक भाग असा होता की मुलांना विचारलं, रोबोटच्या आत काय असेल, हृदय-बिदय की चक्रं-बिक्रं. तीन वर्षांच्या मुलांचा गोंधळ, दोन्ही म्हणाली. पाच वर्षांच्या मुलांनी सांगितलं की आत यंत्राचे भाग. आणि तरीही त्याच पाच वर्षांच्या मुलांनी त्याचं ऐकलं. म्हणजे "त्याला जिवंत समजतात म्हणून ऐकतात" असं नाहीये. यंत्र आहे हे पुरतं कळूनसुद्धा ऐकतात.

तर्कट
धागा चांगला आहे पण जरा थांबा. प्रयोगात अनोळखी वस्तूला खोटं नाव देणं आणि घरात स्पीकरवर विश्वास ठेवणं यात बरंच अंतर आहे. दुसरं, हे सगळं झूमवर. मुलासाठी ती बाई पण स्क्रीनवर आणि रोबोट पण स्क्रीनवर. खरी आजी शेजारी उभी असताना काय होतं ते यातून कळत नाही. तिसरं, बाईने गाडीला पुस्तक म्हणायचं! पाच वर्षांचं पोर म्हणणार ही बाई आपली मस्करी करतेय, हिचं कशाला ऐका. त्यातून रोबोटबद्दल काय सिद्ध झालं? बाई वेडी आहे एवढंच.

माझ्या मते याहून बोलकं काम व्हर्जिनिया विद्यापीठातल्या विक्रम जसवाल यांचं आहे, २०१० चं. दोन पेल्यांपैकी एकाखाली स्टिकर लपवायचा. मोठं माणूस तोंडाने सांगणार "याच्या खाली आहे", आणि ते कायम चुकीचं. तीन वर्षांची मुलं एका पाठोपाठ एक आठ वेळा फसली तरी परत त्याच्याच सांगण्यावर गेली. पण दुसऱ्या गटात माणसाने बोलून न सांगता चुकीच्या पेल्यावर नुसता बाण ठेवला, तर मुलं पटकन शिकली की बाण फसवतोय, दुसरीकडे बघायचं. तेव्हा त्या वयात माणसाच्या तोंडी शब्दाचं वजन काहीतरी वेगळंच आहे. आता रोबोट हा बाण आहे की माणूस, हा खरा प्रश्न.

सिंगापुरी_फणस
तर्कट, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर आमच्या इथे मिळालंय. सिंगापूरच्या एसयूटीडी (तंत्रज्ञान आणि डिझाइन) विद्यापीठातला अभ्यास, २०२४ मध्ये चाइल्ड डेव्हलपमेंट या नियतकालिकात आला. ३ ते ५ वर्षांची मुलं, कुणाला माणूस सांगणार, कुणाला रोबोट. दोघं बरोबर असतील तर दोघांवर सारखाच विश्वास. फरक पडला तो चुकल्यावर. त्यातल्या लहान वयाच्या मुलांनी चुकणाऱ्या माणसाला सांभाळून घेतलं पण चुकणाऱ्या रोबोटला नाही. मोठ्या वयाच्यांनी दोघांनाही सारखंच नाकारलं. म्हणजे तीन-साडेतीनच्या पोरासाठी रोबोट थोडा बाणाकडे झुकलेला.

इथे बालवाडीत असली खेळणी नवीन नाहीत. सरकारनेच २०१५ मध्ये बालवाड्यांसाठी कार्यक्रम काढला होता, बी-बॉट नावाची मधमाशीसारखी चाकांवरची वस्तू, पाठीवर बाणांची बटणं, मुलं तिला चटईवर चालवतात. माझ्या मुलाने ती वापरली. पण ती बोलत नाही, ती सांगितलेलं करते. उलट चुकीच्या घरात गेली की मुलाला कळतं बटण मीच चुकीचं दाबलं. मला ते जास्त बरं वाटतं. बोलणारं यंत्र आणि ऐकणारं यंत्र हे दोन वेगळे प्राणी आहेत, आपण दोघांना रोबोट म्हणून एकाच पिशवीत भरतो.

भोपळा_टुणुक
तीन वर्षांची मुलं माणसाला आठ वेळा माफ करतात हे वाचून माझ्या नवऱ्याचं आयुष्य डोळ्यासमोर आलं.

खडूस_काका
नवरा बाण आहे की माणूस ते सांगा आधी.

यमू
धाग्याचं काश्मीर होतंय, विषय भरकटला 😂

तर्कट
सिंगापुरी_फणस, धन्यवाद. पण त्याच वर्षी आलेला दुसरा अभ्यास आहे, स्टोअर वगैरेंचा, ३ ते ६ वयाची १११ मुलं. त्यात दोघं सारखेच भरवशाचे असताना मुलांचा कल रोबोटकडे होता, नाव कुणाला विचारशील, गुपित कुणाला सांगशील, सगळ्यालाच. मग काय मानायचं? दोन्हीकडे मांडणी वेगळी आहे हे खरं, एकीकडे एका मुलाला एकच सांगणारा, दुसरीकडे दोघांची जोडी समोर. पण "मुलं रोबोटवर जास्त विश्वास ठेवतात" अशी बातमी वाचली की मी आधी हे बघतो की कशाच्या मानाने जास्त, आणि कुठल्या वयात. बातमीत ते कधीच नसतं.

पायथनवाला
मी आवाजी यंत्रांच्याच धंद्यात आहे (कंपनी विचारू नका) म्हणून थोडं दुसऱ्या बाजूने लिहितो.

मुलं फक्त बरोबर-चूक मोजत नाहीत, सांगणाऱ्याला स्वतःला खात्री आहे का ते पण ऐकतात. सबाग आणि बाल्डविन यांचं २००१ चं काम आहे, माणूस "मला नक्की माहीत नाही, बहुतेक हे असावं" अशा सुरात नवा शब्द शिकवतो तेव्हा ३-४ वर्षांची मुलं तो शब्द तितकासा उचलत नाहीत. आपल्याकडे आजोबा पण असंच करतात ना, डोकं खाजवत "अं... थांब हं... आठवत नाही बाळा". मुलाला तिथल्या तिथे कळतं की हे उत्तर कच्चं आहे. यंत्राचा आवाज मात्र कायम एकाच सुरात. पाण्याचा उत्कलनबिंदू सांगताना जो सूर तोच साफ थाप मारताना. मुलाची निम्मी हत्यारं तिथेच निकामी होतात, कारण अडखळणं, नजर चुकवणं, खांदे उडवणं यातलं तिथे काहीच नाही.

आणि नजरेवरून आठवलं, एमआयटी मीडिया लॅबमध्ये सिंथिया ब्रझील यांनी हॅरिसना बरोबर घेऊन २०१६ मध्ये एक प्रयोग छापला होता, ड्रॅगनबॉट नावाचे लोकरी बाहुल्यासारखे दोन रोबोट, ३ ते ५ वर्षांची मुलं. दोघं अनोळखी प्राण्यांबद्दल माहिती सांगतात. फरक एवढाच की एक रोबोट मूल बोलतं तेव्हा त्याच्याकडे बघतो, वेळच्या वेळी प्रतिसाद देतो, दुसऱ्याच्या हालचाली असंबद्ध. मुलांनी बघणाऱ्याकडे जास्त लक्ष दिलं आणि त्याचं जास्त मानलं. इथे बरोबर-चुकीचा संबंधच नाही! नुसतं लक्ष दिल्यावर भरवसा वाढला. आता विचार करा, मूल बोलतंय तेव्हा आपण फोनमध्ये आणि ते यंत्र मात्र हाक मारली की लगेच दिवा पेटवून तयार. धंद्यातल्या लोकांना हे पक्कं माहितीये, वस्तू "आवडावी" म्हणून ज्या गोष्टी घालतात त्याच गोष्टींनी ती "खरी" वाटायला लागते. यावर मी ऑफिसमध्ये बोललोय, कुणी फार मनावर घेत नाही.

धोक्याची उदाहरणं हवी असतील तर डिसेंबर २०२१, अमेरिकेत १० वर्षांच्या मुलीने अलेक्साला काहीतरी चॅलेंज दे म्हणून सांगितलं, अलेक्साने सांगितलं फोनचा चार्जर अर्धाच सॉकेटमध्ये घाल आणि उघड्या पिनांना नाणं लाव. आई शेजारी होती म्हणून निभावलं, ॲमेझॉनने नंतर दुरुस्ती केली. ते चॅलेंज टिकटॉकवरचं होतं, यंत्राने इंटरनेटवरून उचललं आणि उपक्रम म्हणून वाचून दाखवलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये कुम्मा नावाचं एआयवालं टेडी बेअर, अमेरिकेतल्या पर्ग या ग्राहक संघटनेने तपासलं तर ते काडी कशी पेटवायची ते समजावून सांगत होतं. कंपनीने तेव्हा विक्री थांबवली. नाण्याच्या गोष्टीतली मुलगी १० वर्षांची होती, तिला थोडीतरी अक्कल येते. टेडी तर तिच्याहून लहान मुलांच्याही हातात असतं.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, १८ च्या आतल्यांसाठी पालकांची संमती वगैरे. पण तो मुख्यतः यंत्र मुलाकडून काय माहिती घेतं त्याबद्दल आहे. यंत्र मुलाला काय सांगतं याकडे कुणाचं फारसं लक्ष नाही.

केळफूल
पायथनवाला, हा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावावा असा आहे. सुराचं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमचा डबा योगासनंसुद्धा इतक्या आत्मविश्वासाने सांगत होता की क्षणभर मलाच वाटलं भोगीला करत असतील.

गावठी_डॉक्टर
उशिरा आलो. केळफूलताई, तुमच्या साबांची बाजू घ्यायला कुणीच नाही म्हणून मी घेतो. पाल विषारी नाही हे बरोबर. पण पालीच्या अंगावर, विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात, पाच वर्षांच्या पोराने पाल हाताळून तोच हात तोंडात घातला तर जुलाब-उलट्या-ताप सगळं होऊ शकतं. साबांचं कारण चुकलं, सल्ला बरोबर होता. मुलीने डब्याला विचारलं विषारी आहे का, त्याने तेवढंच सांगितलं. हात लावू का हे तिने विचारलंच नाही, आणि त्याला समोर कोण उभंय, किती वर्षांचं, पाल हाताच्या अंतरावर आहे का, काहीच दिसत नाही.

दवाखान्यात हे रोज बघतो, आता तर मोठी माणसंसुद्धा असं अर्धं उत्तर घेऊन येतात.

खडूस_काका
साबा जिंकल्या! माझा नमस्कार वाया गेला नाही.

केळफूल
डॉक्टर 🙏 आत्ताच साबांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मी तेच म्हणत होते." (त्या तेच म्हणत नव्हत्या, पण असो.) लेकीलाही सांगितलं, ती म्हणाली मग मी डब्याला जंतूचं विचारते. विचार बाई.

कर्जत_लोकल
माझा मुलगा आठ वर्षांचा, त्यामुळे माझी काळजी जरा वेगळी. वर सगळं पाचच्या आतलं चाललंय आणि एकंदर सूर असा की मुलं हुशार असतात, चुकणाऱ्याला पकडतात. पण मोठी झाल्यावर पकडतातच असं नाही हो. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातला २०१८ चा प्रयोग बघा, सायन्स रोबोटिक्स या नियतकालिकात आला होता. सॉलोमन ॲशचा रेघांचा प्रयोग माहिती असेल, १९५० च्या दशकातला, सगळे मुद्दाम चुकीची रेघ सारखी आहे म्हणतात आणि मधला बिचारा पण काही वेळा तसंच म्हणतो. तोच, पण आजूबाजूला माणसांऐवजी तीन नाओ रोबोट. मोठी माणसं रोबोटच्या दबावाला बधली नाहीत. ७ ते ९ वर्षांची मुलं बधली. एकटी असताना ८७ टक्के बरोबर, रोबोट बरोबर बसल्यावर ७५ टक्के. आणि जी चुकली त्या चुकीच्या उत्तरांतली ७४ टक्के रोबोटचीच उत्तरं जशीच्या तशी.

लक्षात घ्या, इथे माहिती नसण्याचा प्रश्नच नाही. रेघ डोळ्यासमोर आहे. कुठली सारखी ते दिसतंय. तरी तिघे म्हणतायत म्हणून. आमच्याकडे हेच होतं, गणिताचं उत्तर स्वतः बरोबर काढलेलं असतं, मोबाईलवर वेगळं दिसलं की खोडरबर. मी म्हणतो, अरे परत करून तर बघ. "बाबा, ते कॉम्प्युटर आहे." परवा तर मोबाईलवर प्रश्नच चुकीचा टाईप केला होता साहेबांनी, २७ च्या जागी ७२, आणि त्याच्या उत्तरासाठी वहीतलं बरोबर उत्तर खोडून टाकलं. कागद फाटेपर्यंत खोडलं होतं.

बालवाडी_बाई
कर्जत_लोकल, हे मात्र घाबरवणारं आहे. आमच्याकडची पोरं अजून ओरडून सांगतात "बाई चुकलं". पहिलीत गेली की ओरडायची बंद होतात, ते रोबोटमुळं नाही, आपल्यामुळंच. वर्गात उलट बोलायचं नाही म्हणून शिकवलं की मग तीन रोबोट काय आणि तीन सर काय.

पायथनवाला
बाई, +१००

त्रिवेंद्रमचा_पाटील
इथे केरळात २०२४ मध्ये एका शाळेत आयरिस नावाची रोबोट शिक्षिका आणली होती, साडी नेसवलेली, खाली चाकं. बातम्या सगळीकडे होत्या, तुम्हीही पाहिल्या असतील. मला विचाराल तर त्यापेक्षा आपल्या पवईच्या केंद्रीय विद्यालयातले शिक्षक दिनेश पटेल यांनी बनवलेली शालू जास्त भारी, पुठ्ठा, प्लॅस्टिक, टाकाऊ सामान वापरून घरी केलेली, ९ भारतीय आणि ३८ परदेशी भाषा बोलते, मराठीसुद्धा. कारण ती पोरांच्याच सरांनी केलीये. हिच्यात उत्तरं कुणी भरली? सरांनी. मग चुकली तर कोण चुकलं हे विचारायची सोय आहे. दुकानातून आलेल्या डब्याच्या मागे कोण आहे ते मुलाला कुठून कळणार, आपल्याला तरी कुठे कळतं.

सिंगापुरी_फणस
त्रिवेंद्रमचा_पाटील, एकदम सहमत. जाता जाता, मागे कोण आहे यावरून मॉक्सी आठवलं. अमेरिकेत ७९९ डॉलरला विकायचे, ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी, मुलांशी गप्पा मारणारा निळसर रोबोट. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीचे पैसे संपले, सर्व्हर बंद होणार म्हणून कळवलं, आणि मुलांना हे कसं समजवायचं त्याचं पत्रसुद्धा कंपनीनेच पालकांना पाठवलं. मुलं रडतायत असे व्हिडिओ फिरत होते. ज्याला गुपितं सांगितली तो एका ईमेलने गेला.

भोपळा_टुणुक
अरे देवा. नंतर काय झालं त्याचं?

सिंगापुरी_फणस
नंतर त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवरून चालवता येईल असं काहीतरी सॉफ्टवेअर उपलब्ध केलं. पण ते ज्यांना जमेल त्यांनाच, सगळ्या आईबापांच्या बसची बात नाही.

तर्कट
विषय परत वळवतो. केळफूल, तुम्ही सुरुवातीला म्हणालात ती हिशोब ठेवते कोणाला काय येतं त्याचा. बालवाडी_बाई म्हणाल्या ती पारख ओळखीच्या गोष्टीपुरती. मला हे दोन्ही एकत्र धरून बघायला आवडेल. कारण आत्तापर्यंतच्या बहुतेक प्रयोगांत चुकणारा, माणूस असो की रोबोट, ओळखीच्या वस्तूवर चुकतो, बॉलला बूट म्हणतो. आताची यंत्रं तशी चुकतच नाहीत! बॉलला बॉलच म्हणतात. ती चुकतात ती दूरच्या गोष्टीवर, जिथे मुलाकडे ताडून बघायला काही नाही. म्हणजे मूल ज्या परीक्षेत यंत्राला बसवतं त्या परीक्षेत ते नेहमी पास होणार, आणि त्या मार्कांवर पुढचं सगळं खपणार. तुमच्या घरी पालीवर मिळवलेले मार्क उद्या औषधाच्या डोसवर वापरले जातील.

केळफूल
तर्कट, हो, आणि मला उलट वाटायला लागलंय की भोगीची योगासनं झाली ते बरंच झालं. त्या एका गोष्टीमुळे ती आता काही विचारण्याआधी ठरवते हे डब्याचं खातं की आजीचं. सणवार, नातेवाईक, लाडू कुठल्या डब्यात, हे आजीचं. डायनासोर, ग्रह, पाल, हे त्याचं. मराठी अजून सुधारली नाही त्याची तर मी कंपनीला पत्र लिहिणार नाहीये एवढं नक्की 😀

खडूस_काका
आणि वडिलांचं खातं कुठलं?

केळफूल
वायफाय बंद पडलं की.

बालवाडी_बाई
बरं ऐका. मला हे आमच्या पोरांवर करून बघायचंय. रोबोट नाही आमच्याकडं, पण माझ्या भाच्यानं जुन्या मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवून द्यायचं कबूल केलंय. खोकं बरोबर सांगणार, मी चुकणार, आणि दुसऱ्या दिवशी उलटं. अनोळखी वस्तू म्हणून काय घेऊ? आमच्या पोरांना शेतातलं, स्वैपाकातलं सगळं माहिती असतं, सुतळीचा गुंडा दाखवला तर हसतील मला.

पायथनवाला
जुन्या प्रिंटरमधला रोलर, हेडफोनचा अडॅप्टर, सायकलच्या गिअरचा भाग, असलं काहीतरी. मी पाठवू का? भरपूर भंगार आहे. आणि आवाज रेकॉर्ड करताना भाच्याला सांगा, एका दिवशी ठणकावून बोल आणि एका दिवशी अडखळत बोल, तो फरक पण बघता येईल.

तर्कट
बाई, दोन गट करा, नाहीतर पहिल्या दिवसाचा परिणाम दुसऱ्या दिवशी मिसळेल. आणि कोण आधी बोलणार ते पण बदलत ठेवा. आणि तिथल्या तिथे लिहून ठेवा, नंतर आठवून नको.

बालवाडी_बाई
दोन गट होतील, एकूण बावीस आहेत, त्यातली चार रोज येत नाहीत. आईबापांना पालकसभेत विचारून घेते आधी. पायथनवाला, भंगार चालेल, पण टोकेरी काही नको आणि तोंडात जाईल एवढं बारीक काही नको. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. खोटी नावं मात्र तुम्ही सुचवा सगळ्यांनी, त्या प्रयोगांतल्यासारखं डॅक्स-फेप असलं नको, आमच्याकडं त्या नावाचं औषध निघायचं.

भोपळा_टुणुक
टुमकी, गवदा, फिरोळ.

यमू
गवदा हे आमच्या गावात आडनाव आहे.

बालवाडी_बाई
मग गवदा कटाप. अजून चार द्या.